एकशेवीस जांभळी कार्डं

२ जुलै

ही वही नेलिदाने आणली. म्हणाली, "रंगांची मापं लिहून ठेव. उद्या तू जिन्यावरून पडलीस तर तुझा जांभळा कुणाला येणार?" माझ्या वहिनीचं प्रेम हे असं असतं.

तर माप. जांभळा: किरमिजी तीन भाग, गडद निळा एक भाग, पाणी भरपूर. एकतीस वर्षं लग्नपत्रिकांच्या छापखान्यात हाताने वेलबुट्ट्या रंगवल्या, तिथं हे माप शिकले. छापखाना बंद पडला, माप माझ्याकडे राहिलं.

आज फिलोमेनाबाईंनी ऑक्टोबरची ऑर्डर दिली. एकशेवीस कार्डं. ऑक्टोबरात लीमात निघणाऱ्या प्रभूच्या पालखीपुढे जांभळे झगे घालून, धूप घेऊन उलट्या पावलांनी चालणाऱ्या आमच्या वस्तीतल्या बायकांच्या त्या पुढारी. यंदा त्यांच्या मंडळाला पन्नास वर्षं होतात, म्हणून प्रत्येकीला आणि प्रत्येक देणगीदाराला हाताने केलेलं कार्ड. चित्र मीच सुचवलं. खाली धूपपात्राचा ठसा. वर धुराच्या वळणांचा ठसा, पण तो बिनरंगी चिकट शाईने उठवायचा, त्यावर पारदर्शक भुकटी टाकायची आणि गरम हवेने वितळवायची. मग वरून जांभळा हात फिरवला की भुकटीवर रंग धरत नाही आणि धूर पांढराच राहतो. ठसे आणि भुकटी नेलिदाकडे, रंग माझ्याकडे. माझा भाऊ ओस्कार गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ती माझ्याकडे राहते आणि आमची कामाची वाटणी अशीच आहे.

फिलोमेनाबाई जाताना म्हणाल्या, "सोराइदा, जांभळा आमच्या झग्याचा हवा हं. बिशपच्या मोज्याचा नको."

९ जुलै

कागद पिवळट आलाय. तडक आकीलेसच्या दुकानात गेले. चाळीस वर्षं कागद विकून या माणसाला लाज नाही. मी म्हटलं, "हा कागद पांढरा आहे?" त्याने कागद काचेवर धरला, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं.

"सोराइदाबाई, याच्याहून पांढरा कागद आता स्वर्गातच मिळेल."

"मग तिथूनच मागव."

त्याने दुसरी रीम फोडली. तीही पिवळटच. तिसरी फोडायला लावली तेव्हा नेलिदाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. तिला दुकानदारांशी भांडायची हौस नाही, ओस्कारला होती.

२७ जुलै

उद्या पेरूचा स्वातंत्र्यदिन. घराघरावर झेंडा लावायचा. आमचा बाहेर काढला तर मधला पांढरा पट्टा लोण्यासारखा झालेला. ब्लीचमध्ये बुडवला, घासला, पुन्हा बुडवला. तांबड्याचा पार गुलाबी झाला, पांढरा होता तसाच.

नेलिदा दारात उभी. "अगं, हा परवाच घेतलाय मी. नवा कोरा होता."

"मग तुला फसवलं त्याने."

यावर ती काहीतरी उलट बोलेल असं वाटलं. तिने झेंडा वाळत घातला. रात्रीच्या जेवणाला माझ्या आवडीची मिरचीची कोंबडी केली. काहीतरी लपवतेय.

११ ऑगस्ट

लीमाचा हा उजेड! मे ते ऑक्टोबर आभाळ म्हणजे ओलं फडकं. त्यात रंगकाम करणाऱ्याने काय करावं? नेलिदाने न सांगता दिवा बदलला, मोठा आणला, आणि टेबल ओढून खिडकीपाशी नेलं. का, तर म्हणे तिच्या गुडघ्यांना तिथं बरं वाटतं. गुडघ्यांना उजेड लागतो हे नवीनच ऐकलं.

तिला सर्दी होती म्हणून आज गरम हवेची बंदूक मी चालवली. भुकटी वितळली की रवाळ दिसायची थांबते आणि चकाकते, त्या क्षणी हात मागे घ्यायचा. सोपं काम. पण बंदूक बिघडलीय. मी चकाकी यायची वाट बघत राहिले आणि तीन कार्डं करपली. वास आला तेव्हा नेलिदा नाक पुसत धावत आली. मी म्हटलं, नवीन बंदूक घे. ती म्हणाली, घेऊ. तिची ही "घेऊ" म्हणायची पद्धत मला अलीकडे आवडत नाही. आजारी माणसाशी बोलतात तसं.

जांभळ्याचा नमुना केला. तपकिरी आला. माप तेच, नळ्या त्याच कंपनीच्या. आता रंगातही भेसळ. निळा वाढवला. नवं माप: किरमिजी दोन, निळा दोन.

१९ ऑगस्ट

नेलिदाने रंगाच्या नळ्यांना चिकटपट्टीचे वळसे घातलेत. किरमिजीला एक, निळ्याला दोन, हिरव्याला तीन. म्हणे, ओळीत छान दिसतात. मी एकतीस वर्षं रंगात काढली आणि मला बालवाडीसारख्या नळ्या मांडून देते. सगळे वळसे सोलून टाकले.

दुपारी काळी म्हणून निळी नळी पिळली. शोकपत्र होतं. नळीवरचं नाव नंतर वाचलं. कुणाला कळलं नाही. नेलिदाला कळलं, पण तिने ते कार्ड गुपचूप बाजूला ठेवून दुसरं घेतलं. माझ्या मनात उगाच आलं, ते वळसे असते तर बरं झालं असतं. हे मी कुणाला सांगणार नाही.

३० ऑगस्ट

आमच्या लीमाची संत, सांता रोसा, तिचा दिवस. सालाबादप्रमाणे तिच्या विहिरीत चिठ्ठी टाकायला गेलो. तीन तास रांग. नेलिदाने चिठ्ठी लिहिताना हाताचा आडोसा केला. पानभर लिहिलं. एवढं काय मागतेय? पुरुष असेल. साठीच्या आतली आहे, दिसायला बरी आहे, मी तिला अडवणार नाही. पण मग भुकटीचं काम कोण करणार, असंही मनात आलं. मी स्वार्थी आहे.

मी काही लिहिलं नाही. सांता रोसाला चिठ्ठ्यांचा कंटाळा आला असेल.

परतताना बस अगदी नाकाशी येईपर्यंत तिचा नंबर दिसेना. हल्ली पाट्या कशाही रंगवतात. नेलिदाने लांबूनच हात केला. बसमध्ये बाबांची आठवण झाली. शेवटची नऊ वर्षं दाराशी खुर्ची टाकून बसायचे. डोळे गेले होते. बस गेली की विचारायचे, "सोराइदा, कुठल्या रंगाची होती गं?" मी तेव्हा तिशीची, कामावरून दमून आलेली. न बघताच सांगायचे, हिरवी. नऊ वर्षं प्रत्येक बस हिरवी. बाबा म्हणायचे, "आजकाल बऱ्याच हिरव्या झाल्या."

मला तसं व्हायचं नाही. त्याआधी देवाने मला सरळ उचलावं. हे मी नेलिदाला कितीदा सांगितलंय.

७ सप्टेंबर

बारशाचं कार्ड परत आलं. बाळाची आई म्हणते, आभाळ शाईसारखं झालंय, भीती वाटते. आभाळाची भीती वाटणाऱ्या बाईला मूल सांभाळायला दिलंय. मी आभाळ आभाळाच्याच रंगाने रंगवते. फिकट केलं तर दिसतच नाही, मग करू काय?

नेलिदाने नवीन कार्ड करून दिलं. "मीच करते, तू फिलोमेनाबाईंचं बघ," म्हणाली. रंगकाम आणि ती! पण बाई खूश होऊन गेली म्हणे.

१६ सप्टेंबर

जांभळी सुरू. चाळीस झाली. आताचं माप: किरमिजी एक, निळा तीन. या मापाने अस्सल झग्याचा जांभळा येतोय. जुनं माप आता या रंगांना चालत नाही, एवढंच.

नेलिदाला विचारलं, कशी वाटतात? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छान झालीत."

"बघून सांग की!"

तिने बघितलं. "छान झालीत," पुन्हा म्हणाली. मग शेगडीवर दूध ठेवलंय म्हणून आत गेली. शेगडीवर काही नव्हतं. मी मागून जाऊन पाहिलं.

२६ सप्टेंबर

एकशेवीस पूर्ण. मान धरलीय, पण समाधान आहे. बुटांच्या खोक्यात भरून ठेवली.

२९ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

पहाटे पाच वाजता तहान लागली म्हणून उठले. पुढच्या खोलीत दिवा. नेलिदा टेबलाशी. माझ्या कुंचल्याने, माझ्या थाळीत, कार्डं रंगवतेय. फिलोमेनाबाईंची. पूर्ण गठ्ठा. तेच धूपपात्र, तोच धूर, सगळं पुन्हा पहिल्यापासून केलेलं. कित्येक पहाटा बसली असणार. आणि रंग कसला, तर तपकिरी! शेणाने सारवलेल्या भिंतीचा!

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

ती दचकली नाही. कुंचला धुतला, पुसला. "सोराइदा, तुझी कार्डं देता येणार नाहीत."

"का?"

"देता येणार नाहीत."

"का ते सांग!"

"उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल, मग सांगते."

मग माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवतं. तुला रंगातलं काय कळतं म्हटलं. चार वर्षं माझ्या छपराखाली राहून माझ्या कामावर डोळा ठेवतेस म्हटलं. ओस्कारला तू असंच मागून वागवलंस, असंही म्हटलं. ते खोटं होतं. त्याच्या आजारपणात तिने त्याला फुलासारखं जपलं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

ती म्हणाली, "झालं बोलून?"

"झालं. आता नीघ."

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. पुढच्या खोलीत बराच वेळ तिची आवराआवर ऐकू येत होती. मग दार वाजलं. काय्याओला तिच्या बहिणीकडे गेली असेल. माझं खोकं कपाटावर सुतळीने नीट बांधून ठेवलेलं. तिच्या तपकिरी कार्डांचं खोकं पलंगाखाली ढकललेलं. तेवढी अक्कल शाबूत आहे म्हणायची.

४ ऑक्टोबर

घर फार मोठं वाटतंय. एका कपाचा चहा करताना दोनदा दोन कपांचं पाणी ठेवलं. तिला फोन केला नाही. तिनेही केला नाही.

आज फिलोमेनाबाईंकडे जांभळ्या मक्याची लापशी पाठवली. न्यायला आलेल्या शेजारणीला म्हटलं, बघ गं, यंदा मका चांगला नाही, रंगच आला नाही. ती म्हणाली, "काहीतरीच काय बाई, काळीभोर जांभळी झालीय."

सगळेच मला शहाणपण शिकवायला लागलेत.

६ ऑक्टोबर

नीट, क्रमाने लिहिते.

दुपारी खोकं घेऊन फिलोमेनाबाईंकडे गेले. पालखीच्या तयारीसाठी वीसेक बायका जमलेल्या, झगे घालून. फिलोमेनाबाईंनी सुतळी सोडली आणि पहिलं कार्ड बाहेर काढलं. तपकिरी. दुसरं, तपकिरी. मला वाटलं, त्यांच्या खोलीतला दिवा वाईट.

फिलोमेनाबाईंनी कार्ड आपल्या छातीशी झग्यावर लावून धरलं. "बघा गं! एकच! कुठं झगा संपतो आणि कुठं कार्ड सुरू होतं, कळतंय का?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सोराइदा, तुझ्यासारखा जांभळा अख्ख्या लीमात कुणाचा नाही." बायका टाळ्या वाजवू लागल्या. माझ्या गालांचे मुके घेतले.

मी झग्याकडे पाहिलं. झगा तपकिरी. शेजारच्या बाईचा तपकिरी. वीसच्या वीस. भिंतीवरच्या पताका तपकिरी. एवढ्या बायकांचे झगे एकाच वेळी कसे विटतील? आणि त्या सगळ्याजणी त्याला जांभळा कशा म्हणतील?

"नेलिदा कुठाय?" फिलोमेनाबाईंनी विचारलं.

"सर्दी झालीय," मी म्हटलं.

घरी आले. पलंगाखालचं खोकं ओढलं. आत माझी कार्डं. झकास जांभळी. निदान मला तरी.

ती जाताना खोकी बदलून गेली होती. मी तिला घराबाहेर काढलं, आणि तिने जाता जाता माझी अब्रू सुतळीने बांधून कपाटावर ठेवली.

पिवळा कागद. झेंडा. बसचा नंबर. करपलेली तीन कार्डं. शाईचं आभाळ. सगळं एका माळेत आलं. मला भीती वाटतेय. इतकी भीती मला कधीच वाटली नाही. बाबांची खुर्ची अजून माळ्यावर आहे.

८ ऑक्टोबर

चर्चच्या दवाखान्यात एकटीच गेले. कुणाला सांगितलं नाही. डोळ्यांची डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, उजेड मारला. मी काठीसारखी ताठ बसले होते. म्हटलं, सरळ सांगा, किती दिवस?

"कशाचे किती दिवस?"

"आंधळी व्हायला."

ती हसली. हसली! "आजी, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. पिकलाय चांगला. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळा रंग आत पोचतच नाही, म्हणून तुम्हाला जांभळा तपकिरी दिसतो. अर्ध्या तासाचं काम आहे. आधी एक डोळा, मग दुसरा."

मी विचारलं, "माझ्या वडिलांचं पण असंच असेल?"

"आता कसं सांगणार? बुबुळ कसं दिसायचं त्यांचं?"

"पांढरं. दुधासारखं."

ती खाली मान घालून लिहीत राहिली. बराच वेळ लिहीत राहिली, आणि कागदावर तर चारच ओळी होत्या.

नऊ वर्षं. आणि कुणी एकदाही त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. म्हातारपण आहे, असं म्हणायचो. मी म्हणायचे.

१८ ऑक्टोबर

पालखी आमच्या रस्त्यावरून गेली. धूपवाल्या बायका उलट्या चालत गेल्या. मी फुटपाथवर उभी राहिले. मला सगळ्या तपकिरी दिसल्या आणि मी मनात त्यांना जांभळ्या म्हणत राहिले.

काय्याओला फोन लावला. नेलिदाच्या बहिणीने उचलला. मी ठेवून दिला.

५ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. सोबत कुणी हवं, असं दवाखान्याने सांगितलंय. फिलोमेनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येते की." तोंडावर काहीतरी वेगळाच भाव होता.

७ नोव्हेंबर

पट्टी आज काढली. एका डोळ्याने लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

फिलोमेनाबाई आल्याच नाहीत. काल दवाखान्याच्या बाकावर नेलिदा बसली होती, मांडीवर पर्स, हातात पावाची पिशवी. मी तिच्याजवळ गेले.

"तुला कुणी सांगितलं?"

"फिलोमेनाबाईंनी. आपलं बिनसलंय हे त्यांना लगेच कळलं होतं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सर्दी झालेली मी त्यांना दुसऱ्याच दिवशी बाजारात भेटले."

"नेलिदा, मी ओस्कारबद्दल जे बोलले..."

"ते आधी आत जाऊन ये. परत आल्यावर माझा चेहरा नीट बघून बोल. मला किती राग आलाय ते तुला दिसायला नको?"

आज पट्टी काढल्यावर आधी तिचाच चेहरा दिसला. राग होता. सुरकुत्याही होत्या, या चार वर्षांत मला त्या दिसल्याच नव्हत्या. डोळ्यांखाली काळं. इतक्या पहाटा जागून आणखी काय होणार? मी माफी मागितली. दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. ती म्हणाली, "हळू बोल गं, कान शाबूत आहेत माझे." पण हात सोडला नाही.

घरी आलो. भिंत पांढरी आहे. मी गेली दोन वर्षं तिला लोण्याच्या रंगाची म्हणत होते. माझ्या हातावरच्या शिरा निळ्या आहेत. कागद इतका पांढरा की आकीलेसकडे जाऊन माफी मागायला हवी, पण तो भाव वाढवेल.

मग पलंगाखालचं खोकं काढलं. एकशेवीस कार्डं. निळी. दौतीतल्या शाईसारखी गच्च निळी. ही मी अभिमानाने वाटणार होते. नेलिदा तोंडावर हात ठेवून बघत होती.

"हस," मी म्हटलं. "हस, मेले."

ती हसायला लागली ती थांबेना. मीही.

नंतर एकटी असताना एक गंमत केली. नवा डोळा झाकला आणि जुन्याने बघितलं: कार्ड जांभळं. जुना झाकला: निळं. जुना, नवा, जुना, नवा. दोन्ही वेळी कार्ड तेच, मी तीच. जुन्या डोळ्याची शपथ घेऊन सांगितलं असतं की जांभळं आहे, आणि मी खोटं बोलले नसते. बाबांना मात्र मी चांगल्या डोळ्यांनी खोटं सांगितलं.

१४ नोव्हेंबर

दुसरा डोळा डिसेंबरात. आज कामाला बसलो. नेलिदाने नळ्यांना पुन्हा चिकटपट्टीचे वळसे घातले. मी सोलले नाहीत.

बाबांची खुर्ची माळ्यावरून काढून खिडकीपाशी ठेवली. आता तिच्यावर मी बसते. रस्त्यावरून बस गेली की नेलिदा टेबलावरून ओरडते, "कुठली गं?" मी उठून, दारापर्यंत जाऊन, बघून सांगते. आज चार निळ्या गेल्या, दोन पिवळ्या, एक पांढरी. हिरवी एकही नाही.

जांभळा: किरमिजी तीन, निळा एक, पाणी भरपूर. रंग लावण्याआधी नेलिदाला विचारणे.